भोपळा सिंड्रेलाचा आणि भोपळा राणूबाईचा

‘परीकथांवरून प्रेरित डिजिटल चित्रं’ हे शब्द संशोधन आराखड्यात, प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात, फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये, सगळीकडे सापडतात. मला त्यातल्या ‘प्रेरित’शी भांडायचंय. कथेचा कुठला पाठ, कुणी सांगितलेला, कुणी छापलेला, हे सगळं तो एक शब्द झाकून टाकतो. साधं उदाहरण घ्या. हिमगौरीचे सात बुटके काढले की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, एक रागीट, एक झोपाळू. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात त्यांना वेगळी नावंसुद्धा नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर येतात ते १९३७ च्या डिस्नेपटातले. चित्र सिनेमावरून काढायला काहीच हरकत नाही, पण मग आराखड्यात ‘परीकथा’ लिहू नका, ‘सिनेमा’ लिहा. मार्गदर्शकांच्या पहिल्याच प्रश्नाला तोंड देता येईल.

आता आपल्याकडचा पाठ. १९१४ साली मॅकमिलनने ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ नावाचं पुस्तक काढलं. लेखक सी. ए. किंकेड, मुंबई इलाख्यातले आयसीएस अधिकारी. चित्रकार जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे महादेव विश्वनाथ धुरंधर. पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘फेअरी टेल्स’ आहे, पण आत काय, तर आपल्या श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्या! रविवारची, सोमवारची, नागोबाची, दिव्यांच्या अवसेची. प्रस्तावनेत किंकेड मोकळेपणाने सांगतात की इंग्रज वाचकाला कंटाळा येऊ नये म्हणून विधींची वर्णनं काही ठिकाणी आखडती घेतली. हे वाक्य मला संपूर्ण पुस्तकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. कहाणीचं इंजिनच व्रत असतं: काय करायचं, कसं करायचं, उतलं-मातलं तर काय होतं. ते कापलं की उरते नुसती जादू, आणि जादू उरली की ‘परीकथा’ हे लेबल आपोआप चिकटतं.

रविवारची आदित्य राणूबाईची कहाणी बघा. बाप लेकीकडे जातो, म्हणतो, माझी कहाणी ऐक. राजाघरी दिलेली लेक म्हणते, वेळ नाही. तिला दारिद्र्य येतं. प्रधानाघरची ऐकते, तिचं बरं चालतं. पुढे गरीब बहिणीची मुलं एकेक करून मावशीकडे जातात. मावशी भोपळा पोखरून त्यात मोहरा भरून देते, तर वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या रूपाने येऊन तो काढून घेतो. पुढच्या मुलाला पोखरलेली काठी, त्याच्या पुढच्याला नारळ. तेही हातचं जातं.

पेरोच्या १६९७ च्या सिंड्रेलात भोपळ्याची बग्गी होते, वस्तू बदलते आणि मुलगी वर जाते. इथे भोपळा भोपळाच राहतो, आतलं धन मात्र टिकत नाही, कारण घरात कहाणी ऐकली गेली नाही. फळ एकच, पण दोन्हींचं शास्त्र उलटं. डिजिटल चित्रकाराने भोपळ्याभोवती निळसर चमक मारली की हा फरक पुसला गेलाच म्हणून समजा. (ती चमक मारणारा ब्रश हल्ली इतका लोकप्रिय आहे की देव, दिवा आणि भोपळा तिघंही सारखेच पेटतात.)

धुरंधरांचं काय? त्यांचा हात अकादमिक वास्तववादाचा. नऊवारीची चुणी, दागिने, बसण्याची ढब यांत त्यांना तोड नाही, आणि दख्खनची बाई छापील पानावर दख्खनचीच दिसली पाहिजे हे त्यांनी नीट जाणलं होतं. हा भाग आजही गिरवावा असा. माझी तक्रार वेगळी आहे. वास्तववादी पूर्णचित्र एक क्षण पकडतं. कहाणी मात्र पुनरावृत्तीने चालते: भोपळा गेला, काठी गेली, नारळ गेला. त्यातला एकच प्रसंग निवडला तर कहाणीचा ठेकाच जातो. आणि इथे डिजिटल माध्यमाला खरी संधी आहे. क्रिटा असो वा प्रोक्रिएट, तोच रस्ता, तेच झाड, तीच लेअर पुन्हा वापरता येते, फक्त मुलगा आणि वस्तू बदलायची. एरवी आपण ज्याला आळस म्हणतो ते कॉपी-पेस्ट इथे सांगणाऱ्याच्या आवाजासारखं काम करील. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरत गोष्ट सांगतात, ते यापेक्षा फार वेगळं नाही. फक्त तिथे सांगणारा समोर असतो. गॅलरीच्या भिंतीवर तो नसतो, म्हणून प्रत्येक चित्रमालिकेशेजारी क्यूआर कोड लावून घरातल्या आजीच्या आवाजातली कहाणी ऐकवा, असं मी सुचवीन. सोलापुरात हे आवाज मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत मिळतील, आणि त्यांतले फरक नोंदवणं हाच एका प्रकरणाचा ऐवज आहे.

सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजा सगळ्या गावाचं दूध देवळात ओततो, तरी गाभारा भरत नाही. म्हातारी आधी घरच्या मुलाबाळांना, वासरांना देते, उरलेलं खुलभर घेऊन जाते, आणि गाभारा भरतो. मोह होतो तो दुधाचा लोंढा काढायचा. मी राजाचा रिकामा गाभारा आणि पोट भरून झोपलेली वासरं काढीन. खुलं केवढं, हेही आधी एखाद्या जुन्या घरात विचारून घ्या.

लेबलाचा प्रश्न सोलापूरकराला जास्तच जवळचा. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा होतो तो कुंभारकन्या आणि सिद्धरामेश्वरांचा योगदंड यांच्या विवाहाचा. गोष्ट म्हणून ती कुठल्याही परीकथेच्या तोडीची आहे. पण खाली ‘फेअरी टेल’ अशी पाटी लावून ती टांगली, तर जे किंकेडांनी १९१४ मध्ये केलं तेच आपण पुन्हा करू, तेही यात्रेच्या गावात बसून. पाटीवर ‘आख्यायिका’ की ‘कहाणी’, हा निर्णय पद्धतीच्या प्रकरणात कारणांसह यायला हवा.

धुरंधर १९४४ साली गेले. भारतीय कायद्यात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे त्यांची चित्रं वापरायला अडचण नाही, श्रेय मात्र द्या. छपाईला ए-थ्री साठी ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. फाइल सुरुवातीलाच तेवढी उघडा. आणि सीएमवायकेमध्ये एक चाचणी प्रिंट काढा, कारण स्क्रीनवरची ती निळसर चमक कागदावर मळकी उतरते.