हट्टंगडी, रोहिणी

रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत दीर्घकाळ कार्य केलेल्या मराठी अभिनेत्री. माहेरचे आडनाव ओक. रिचर्ड ॲटनबरो दिग्दर्शित ‘गांधी’ (१९८२) या इंग्रजी चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेमुळे त्यांचे नाव भारताबाहेर पोहोचले. त्यांच्या कारकीर्दीचा विचार करताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते : स्वतःच्या वयापलीकडचे वय अंगी बाणवण्याचे त्यांचे असामान्य सामर्थ्य. या सामर्थ्याने त्यांना कीर्ती मिळवून दिली. आणि त्याच सामर्थ्याचा चित्रपटव्यवसायाने लावलेला सोयीस्कर अर्थ त्यांच्या पुढील वाटचालीला मर्यादा घालणारा ठरला.

त्यांचे शालेय शिक्षण पुणे येथे झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नाट्यशिक्षण घेतले (१९७४). तेथेच काबुकी या जपानी नाट्यप्रकाराचा व कर्नाटकातील यक्षगानाचा त्यांना प्रत्यक्ष परिचय झाला. या दोन्ही नाट्यप्रकारांत पावलाचा ठेका, कमरेचा तोल आणि श्वासाचे नियमन यांना शब्दाइतकेच महत्त्व असते. पुढे त्यांचे सहाध्यायी व पती, दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी यांच्या समवेत त्यांनी मुंबईत प्रायोगिक रंगभूमीवर काम केले. लोर्का या स्पॅनिश नाटककाराच्या ‘येर्मा’वर आधारलेल्या ‘चांगुणा’ या नाटकातील त्यांची भूमिका विशेष गाजली. अपत्यासाठी झुरणाऱ्या आणि त्या झुरण्यातूनच विनाशाकडे जाणाऱ्या स्त्रीची ही व्यक्तिरेखा. पुढील काळात पडद्यावर ‘आई’ म्हणून त्यांची जी ओळख रूढ झाली, तिच्या संदर्भात ही भूमिका ध्यानात ठेवावी लागते; कारण मातृत्वाची भूक इतक्या उग्रपणे मांडणारी भूमिका त्यांना व्यावसायिक चित्रपटाने क्वचितच दिली.

‘गांधी’ चित्रपटाचे चित्रीकरण १९८० च्या अखेरीस सुरू झाले, तेव्हा त्या तारुण्यात होत्या. कस्तुरबांची भूमिका मात्र दक्षिण आफ्रिकेतील तरुण गृहिणीपासून सुरू होऊन आगाखान पॅलेसमधील मृत्यूपर्यंत (१९४४), म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जाते. अशा भूमिकेत पांढरे केस आणि सुरकुत्या रंगभूषाकार पुरवतो. पण नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर हा केवळ आहार्य अभिनय झाला. हट्टंगडी यांनी वार्धक्य आंगिक अभिनयातून उभे केले. खाली बसताना हाताने घेतलेला आधार, मान वळवण्याआधी डोळ्यांची होणारी हालचाल, वाक्यागणिक मंदावत जाणारा स्वर यांमुळे काळाचा प्रवाह प्रेक्षकाला जाणवतो. आश्रमातील शौचकूप स्वच्छ करण्यास त्या नकार देतात तो प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पती अंगावर धावून येतो. अपमानित पत्नी त्याला त्याच्याच वर्तनाची लाज दाखवून देते. आणि अखेरीस ते काम करावयास स्वतःच्या निर्णयाने जाते. हा निर्णय शरणागतीचा वाटू नये, तसाच तो वैचारिक परिवर्तनाचाही वाटू नये, असा नाजूक तोल त्यांनी साधला आहे. ज्या चित्रपटाचा सारा रोख एका पुरुषाच्या महात्मपणाकडे आहे, त्यात त्या महात्मपणाची घरात द्यावी लागलेली किंमत प्रामुख्याने त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा ब्रिटिश अकादमी पुरस्कार (बाफ्टा) प्राप्त झाला (१९८३). ‘रेड्स’ या चित्रपटात एमा गोल्डमनची भूमिका करणाऱ्या अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन यांच्यासह हा पुरस्कार विभागून देण्यात आला. स्टेपलटन यांचा जन्म १९२५ चा. म्हणजे प्रौढ वयाचा आणि प्रदीर्घ अनुभवाचा लाभ त्यांच्या भूमिकेला मिळाला होता. हट्टंगडी यांना प्रौढत्व कल्पनेने व शिस्तीने निर्माण करावे लागले होते.

याच सुमारास त्यांनी हिंदी समांतर चित्रपटांत केलेल्या तीन भूमिका त्यांच्या आवाक्याची साक्ष देतात. महेश भट्ट यांच्या ‘अर्थ’मध्ये (१९८२) त्या मोलकरणीच्या भूमिकेत आहेत. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी साठवलेले पैसे नवरा दारूत उडवतो आणि ही सोशिक स्त्री त्याचा खून करते. नायिकेच्या सुशिक्षित दुःखाला समांतर असे हे अक्षरशून्य दुःख त्यांनी कोणतीही करुणा न मागता मांडले. या भूमिकेस फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. भट्ट यांच्याच ‘सारांश’मध्ये (१९८४) परदेशात मारला गेलेला मुलगा घरातील भाडेकरू तरुणीच्या पोटी पुन्हा जन्म घेणार, या भ्रमाला चिकटून राहिलेल्या वृद्ध पार्वतीची भूमिका त्यांनी केली. पत्नीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांतच आपल्या आयुष्याचे सार आहे, असे नायक अखेरीस म्हणतो. त्या सुरकुत्या रंगभूषेच्या आहेत हे ठाऊक असूनही ते विधान खोटे वाटत नाही. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरील गोविंद निहलानी यांच्या ‘पार्टी’मध्ये (१९८४) त्यांनी प्रथितयश नाटककाराच्या सावलीत विझत गेलेली व मद्याच्या आहारी गेलेली अभिनेत्री साकारली, तीबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. येथे वार्धक्याचा आधार नाही. रंगभूषेशिवायही त्यांचा अभिनय तितकाच धारदार असतो, हे सिद्ध करणारी ही भूमिका होय. गुणी अभिनेत्री वाया कशी जाते, हाच तिचा विषय असावा, हा योगायोगही सूचक आहे.

यानंतरची वाटचाल समजून घेण्यासाठी त्यांच्या दोन सहकलावंतांशी तुलना उपयुक्त ठरते. ‘गांधी’मध्ये वार्धक्यापर्यंतचा तोच प्रवास बेन किंग्जली यांनीही केला, पुढे ‘शिंडलर्स लिस्ट’मधील (१९९३) हिशेबनीसापासून ‘सेक्सी बीस्ट’मधील (२०००) क्रूर गुंडापर्यंत परस्परविरोधी भूमिका त्यांच्याकडे आल्या. ‘सारांश’मधील वृद्ध शिक्षक तरुण वयात रंगवणारे अनुपम खेर यांना दोनच वर्षांनी ‘कर्मा’मध्ये (१९८६) खलनायकाची भूमिका मिळाली व लवकरच विनोदी भूमिकाही आल्या. पुरुष नटाने वठवलेले वार्धक्य हे कौशल्याचे प्रमाणपत्र मानले गेले. स्त्रीने वठवलेले वार्धक्य मात्र जणू तिचे कायमचे वय ठरले. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, त्या वेळी पडद्यावरील हा मुलगा प्रत्यक्षात त्यांच्याहून वयाने मोठा होता. पुत्राचा पैसा नाकारणारी ही करारी स्त्री त्यांनी पूर्ण ताकदीने उभी केली, यात शंका नाही. तथापि नायकाच्या नैतिक द्वंद्वाला टेकू देण्यापलीकडे अशा भूमिकांना स्वतःचे अंतर्गत जीवन क्वचितच असते. ‘चालबाज’मधील (१९८९) दुष्ट व हास्यास्पद अंबा हा या काळातील सुखद अपवाद. तीत त्यांच्या उपजत विनोदबुद्धीला आणि अतिशयोक्त शैलीवरील हुकमतीला वाव मिळाला. अशा भूमिका आणखी मिळाल्या असत्या, तर त्यांच्या अभिनयाचे चित्र अधिक पूर्ण झाले असते.

दूरचित्रवाणीने त्यांना चित्रपटापेक्षा वेगळे काही दिले, ते म्हणजे कथेच्या केंद्रस्थानी असलेले स्थान. ई टीव्ही मराठी वाहिनीवर २००१ ते २०१३ या काळात चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग प्रक्षेपित झाले. तीतील आशा देशमुख या कुटुंबप्रमुख सासूच्या भूमिकेमुळे त्या महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या. मराठी कथानकांत सासू ही प्रायः छळाची प्रतिनिधी असे. तिला विवेक, अधिकार आणि विनोद देणारी व्यक्तिरेखा त्यांनी रूढ केली. पुढे झी मराठीवरील ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–१६) या मालिकेत कुटुंबाचा व्यवसाय सांभाळणारी भागीरथीबाई गोखले ही आजीही त्यांनी अशाच जरबेने व मायेने रंगवली. परंतु दैनंदिन मालिकेची रचनाच अशी असते, की पात्राला बदलता येत नाही. ते बदलले तर मालिका संपते. कस्तुरबांच्या भूमिकेचे मर्म बदलात होते. मालिकेतील भूमिकेचे मर्म टिकून राहण्यात होते. त्यामुळे या पर्वात त्यांची लोकप्रियता वाढली, तरी त्यांच्या कलेचा विस्तार त्या प्रमाणात झाला, असे म्हणता येत नाही.

रंगभूमीशी असलेले त्यांचे नाते मात्र तुटले नाही. जयदेव हट्टंगडी (मृत्यू २००८) यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अपराजिता’ या एकपात्री नाटकात संपूर्ण रंगमंच एकटीने भारून टाकण्याची त्यांची क्षमता प्रत्ययास आली. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारानेही (२००४) त्यांचा गौरव झाला.

एकंदरीत पाहता त्यांच्या कारकीर्दीतील उणिवा त्यांच्या अभिनयाच्या नसून त्यांना मिळालेल्या संहितांच्या आहेत. वार्धक्य म्हणजे केवळ सोशिकपणा वा आशीर्वाद नव्हे. त्यात हट्ट, संताप, भ्रम आणि उशिरा आलेले शहाणपणही असते, हे त्यांनी ‘गांधी’ आणि ‘सारांश’ या दोन चित्रपटांत निर्विवादपणे दाखवून दिले. भारतीय चित्रपटातील आईच्या साचेबंद प्रतिमेच्या तुलनेत या दोन भूमिका आजही वेगळ्या उठून दिसतात. आणि ‘पार्टी’तील भूमिका त्यांच्या शेजारी ठेवली, म्हणजे ही अभिनेत्री आणखी काय करू शकली असती, याची स्पष्ट कल्पना येते.