आजची बातमी

अमेरिकी कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते चक्क सुखान्त वाटलं होतं. एक माणूस वर्षानुवर्षं एका बाईसाठी झुरतो आणि एक दिवस त्याचं झुरणं थांबतं. मित्र त्याला भेटायला जातो तर हा छान कपडे घालून निघायच्या तयारीत, चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं हसू. म्हटलं, चला, सुटला एकदाचा! शेवटाकडे येता येता उमगलं की सुटला खरा, पण कसा ते मी भलतंच समजून बसलो होतो. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

चूक थोडी माझी आणि थोडी मी जिथे वाढलो त्या आळीची. आपल्याकडे मयताच्या घरी काही झाकून राहत नाही. दारात बांबू येऊन पडतात, मडकं येतं, पांढरं कापड येतं. कोपऱ्यावरच्या वाण्यालाही न सांगता कळतं. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र गेलेल्या माणसाला त्याचा ठेवणीतला सूट चढवतात, भांग पाडतात, चेहरा शांत दिसेल असा बसवतात, आणि लोक उघड्या शवपेटीपाशी जाऊन त्याला अखेरचं 'भेटून' येतात. म्हणजे मित्राने जे सांगितलं त्यात खोटं अक्षरही नाही. कपडे खरे, हसू खरं, निघणंही खरं. पुढे घराच्या दाराला फुलांचं कडं लावल्याचा उल्लेख येतो. आपल्याकडे दाराला फुलं दिसली की सण, नाहीतर लग्न. तिथे अशा कड्याचा एक जुना अर्थ, या घरात कुणीतरी गेलंय. तिथल्या श्रोत्याला त्या कड्यापाशी लख्ख कळतं. मला एक कडवं उशीर झाला. श्लेष आपल्याकडे बहुतेकदा हसवायला वापरतात. इथे अख्खं गाणं एका श्लेषावर उभं आहे आणि तो उलगडतो तेव्हा कुणी हसत नाही.

बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी हे गाणं लिहिलं. मला त्यातली सर्वांत मोठी जागा वाटते ती पत्रांची. पलंगाशी तिची जुनी पत्रं आहेत, १९६२ सालची. तिने जिथे जिथे प्रेमाचा शब्द लिहिला तिथे तिथे याने लाल रेघ ओढलीय. गाणं आलं १९८०मध्ये. मधली अठरा वर्षं कुठेच उच्चारलेली नाहीत, तो हिशेब ऐकणाऱ्याने करायचा. आणि ती लाल रेघ! पत्र जपून ठेवणारे, उशाशी घेऊन झोपणारे प्रेमिक गाण्यांत पैशाला पासरी. हातात पेन घेऊन पत्र वाचणारा मी दुसरा पाहिला नाही. परीक्षेआधी मुलं पुस्तकात रेघा मारतात, वकील कागदपत्रात मारतात. हा माणूस पुरावा गोळा करत होता. एकेकाळी ही असं म्हणाली होती, हे बघा, इथे लिहिलंय. बाकी गाण्यात त्याच्या मनाचं वर्णन जवळजवळ नाहीच. त्या रेघांनी ते काम उरकलंय.

शीर्षकातला 'टुडे' हाही कवितेचा शब्द नव्हे, तो बातमीचा. जो गातोय तो झुरणारा नाही, त्याचा मित्र आहे. गावात जसं कुणीतरी येऊन पारावर बसतं आणि 'अरे, कळलं का?' म्हणतं, तसा. कुणाला नाव नाही, गाव नाही. दुःख ज्याचं तो गप्प आहे आणि बोलणारा केवळ वार्ताहर. गाण्याची सगळी करुणा या अंतरातून येते, असं मला वाटतं. हेच प्रथमपुरुषात लिहिलं असतं तर रडगाणं झालं असतं.

आता गाणाऱ्याविषयी. जोन्सचा जन्म १२ सप्टेंबर १९३१चा, पूर्व टेक्ससमधल्या साराटोगा या लहानशा गावातला. बाप दारुडा. रात्री-अपरात्री झिंगून घरी यायचा आणि पोरांना उठवून गायला लावायचा. नाही म्हटलं तर मार. नवव्या वर्षी गिटार हाती आली आणि पुढे पोरगा बोमंटच्या रस्त्यावर उभा राहून गाऊ लागला, लोक नाणी टाकायचे. १९५५मध्ये पहिलं चाललेलं गाणं, १९५९मध्ये पहिला अव्वल क्रमांक. मग नाव, पैसा आणि बापाचीच बाटली. एकदा बायकोने गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या तर हा गवत कापायच्या यंत्रावर बसून गुत्त्याकडे निघाला, हा किस्सा त्याने स्वतः आत्मचरित्रात सांगितलाय आणि तो फार वेळा हसत हसत सांगितला जातो. मला त्यात हसू येत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दारूच्या जोडीला कोकेन आलं, ठरलेले कार्यक्रम बुडू लागले, आणि 'नो शो जोन्स' हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

नेमक्या त्याच काळात निर्माता बिली शेरिल हे गाणं घेऊन त्याच्यापुढे आला. जोन्सला ते मुळीच आवडलं नाही. फार मढ्यागत आहे, असलं कोण विकत घेणार, असं त्याचं मत. त्यातून तो ते गायला लागला की क्रिस क्रिस्टोफरसनच्या दुसऱ्याच एका गाण्याच्या चालीवर घसरायचा. ध्वनिमुद्रण तुकड्यातुकड्यांत झालं. गाण्यात एक भाग न गाता नुसता बोलायचा आहे: ती बाई अखेर येते, त्याला बघायला. हा प्रसंग शेरिलने गीतकारांकडून मुद्दाम लिहवून घेतला होता. जेमतेम चार ओळी. पण दारू प्यायलेला जोन्स गाऊ शकायचा, बोलू शकत नव्हता. सूर सरळ यायचा आणि साधं वाक्य म्हणायला गेलं की जीभ अडखळायची. शेरिलच्या सांगण्यानुसार पहिलं कडवं आणि हे बोलणं यांच्यामध्ये अठरा महिने गेले.

हे माहीत झाल्यावर मी तो भाग कितीदा ऐकलाय त्याची गणती नाही. मागे तंतुवाद्यं चढत जातात, एक स्त्रीस्वर शब्दांवाचून उंच तरंगतो आणि त्याखाली जोन्स अगदी कोरड्या आवाजात बोलतो, कारकून नोंदवहीतली नोंद वाचतो तसा. तंतुवाद्यांचा तो लोंढा, खरं सांगायचं तर, मला जरा जास्तच वाटतो. शेरिलला गोडवा आवरायचा नाही. तो आवरला गेलाय जोन्समुळे. गातानाही तो तोंड पुरतं उघडत नाही. शब्द दातांमध्ये धरून ठेवतो, स्वर खालून घेतो आणि मींड घेत जागेवर आणतो. आपल्या कानांना ही मींड ओळखीची वाटते. तो ती गायक लेफ्टी फ्रिझेलकडून शिकला, आणि सांभाळून वापरायला मात्र आपला आपणच. मरणाची खबर असलेल्या शब्दावर तो ती जागा घेतच नाही, सरळ निघून जातो. कान त्या हरकतीची वाट बघत राहतात. धमकीखाली गायला शिकलेल्या मुलाला आवाज किती आत ठेवायचा हे लहानपणीच कळलं असेल का? हा माझा तर्क, पुरावा काही नाही.

गाणं १९८०च्या जुलैमध्ये अव्वल क्रमांकावर गेलं. ग्रॅमी मिळालं, कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार लागोपाठ दोन वर्षं मिळाला. चार दशकांची कारकीर्द तीन मिनिटांच्या गाण्याने वाचवली, असं जोन्सने पुढे लिहिलं. लोकांनी लगेच गाण्यातली 'ती' शोधली: टॅमी वायनेट, त्याची बायको, स्वतः मोठी गायिका, १९६९ साली लग्न, १९७५ साली घटस्फोट. असं वाचायचा मोह होतो खरा, पण गाण्यातला माणूस जोन्स नव्हे. जोन्सने १९८३मध्ये नॅन्सीशी लग्न केलं, १९९९च्या मोटार अपघातातून मरता मरता वाचला, बाटली सोडली, आणि एक्क्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत जगला. तो गाण्यातला मित्र होता, ते चार ओळींचं बोलणं जमायला अठरा महिने लावणारा.

६ एप्रिल २०१३ला नॉक्सव्हिलमध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. दम पुरत नव्हता, तरी अखेरीला हेच गाणं गायला. वीस दिवसांनी, २६ एप्रिलला, तो नॅशव्हिलच्या रुग्णालयात गेला. २ मे रोजी ग्रँड ओल ऑप्रीच्या सभागृहात निरोप होता आणि गायक अ‍ॅलन जॅक्सन गिटार घेऊन उभा राहिला. त्या दिवशी मित्राचं काम त्याच्याकडे आलं होतं. समोर काळ्या कपड्यांत लोक बसले होते, आणि त्याने तीच बातमी पुन्हा सांगायला सुरुवात केली.