कॅमेऱ्यानं कुठे बसायचं?

आजचा विषय छोट्या जागेतल्या गाण्याच्या चित्रणाचा आहे. म्हणजे मोठे महोत्सव नाहीत आणि टीव्हीवरच्या स्पर्धाही नाहीत. चाळीस-पन्नास माणसं, कुणाचं तरी दिवाणखान्याएवढं घर, एखादा कॅफे, वस्तीतला चौक, आणि कुठल्याही कंपनीच्या करारात नसलेले आपल्याच गावातले गाणारे-वाजवणारे. अशा मैफलींचे व्हिडिओ आता ढिगानं निघतात. आम्ही स्वतःही त्यातले काही काढलेत, त्यामुळे पुढे जी टीका येईल तिचा पहिला मार आमच्याच पाठीवर आहे.

सुरुवात पॅरिसमधल्या एका लिफ्टपासून करू या. साल २००७. ऑलिंपिया हे तिथलं नावाजलेलं सभागृह. आर्केड फायर हा कॅनडातला बँड त्याच इमारतीतल्या लिफ्टमध्ये दाटीवाटीनं उभा आहे आणि गातो आहे. एकजण ताल म्हणून मासिकाची पानं टराटरा फाडतोय. मग हीच मंडळी तिथून निघून थेट प्रेक्षकांच्या गर्दीत शिरतात आणि मधोमध उभी राहून गातात. चित्रण व्हिन्सेंट मून यांचं, हातात धरलेल्या कॅमेऱ्यानं. 'ला ब्लोगोथेक' या फ्रेंच मंडळींनी २००६मध्ये ही मालिका सुरू केली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर 'पार्सल मैफल'. बांधून द्या, घरी नेतो! (हशा)

त्या चित्रफितीनं जगभर वेड लावलं आणि मग नकला सुरू झाल्या. कुणी गच्चीवर गायलं, कुणी जिन्यात, कुणी होडीत. पुण्या-मुंबईतही झालं. कॅमेरा हलला की खरं वाटतं, असा समज पसरला. पण ती लिफ्ट कशामुळे चांगली आहे? आम्हाला वाटतं, तिथे दुसरा कॅमेरा लावायला जागाच नव्हती म्हणून. कॅमेरावालाही त्या दाटीतला एक होता. त्याला मागे सरकता येत नव्हतं, 'जरा पुन्हा घेऊ या' म्हणता येत नव्हतं. दार उघडणार होतं आणि बाहेर खरा कार्यक्रम व्हायचा होता. ही अडचण नकला करणाऱ्यांनी उचलली नाही. त्यांनी नुसती लिफ्ट उचलली.

दुसरं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओची 'टायनी डेस्क' मालिका, २००८पासूनची. तिचा जन्म वैतागातून झाला. रेडिओवाले बॉब बॉइलन आणि स्टीफन थॉम्पसन एका ठिकाणी लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला गेले, तर गर्दीच्या गोंगाटात तिचा आवाजच पोचेना. तेव्हा थट्टेत निघालं की ही आमच्या ऑफिसातल्या टेबलामागेच येऊन गाऊ दे. ती खरंच आली. आता लोकांना त्यातलं काय आठवतं? मागची पुस्तकांची आणि खेळण्यांची मांडणी. आपल्याकडे तशी मांडणी भाड्यानं आणून व्हिडिओ केलेले आम्ही पाहिलेत. पण त्या मालिकेचं मर्म कानाशी आहे. त्या खोलीत गाणाऱ्याचा आवाज मोठा करून ऐकवणारे स्पीकर नसतात. ड्रम वाजवणाऱ्यानं जोर केला तर गाणारी बुडते, म्हणून सगळ्यांना हात आवरून वाजवावं लागतं, एकमेकांना ऐकावं लागतं. आपल्या जुन्या जाणत्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. माइक येण्यापूर्वीची बैठक याच नियमावर चालायची. तबल्यानं कुठे दबून राहायचं हे खोलीच्या भिंती सांगायच्या.

आता आपल्याकडे येऊ. सध्याचा सर्वसाधारण व्हिडिओ डोळ्यांपुढे आणा. विटांची उघडी भिंत, पिवळ्या दिव्यांच्या माळा, तीन कॅमेरे. पाठीमागचं सगळं धूसर, आणि पुढे फक्त बोटं. मग ओठ. मग मिटलेले डोळे. दर चार सेकंदांनी कट. श्रोते असले तर काळ्या सावल्या, बहुतेकदा नाहीतच. आवाज स्टुडिओत धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणलेला. शेवटी गाणाऱ्याचं नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरात चॅनेलचं नाव. याला 'इंटिमेट सेशन' म्हणायचं. आमचा आक्षेप असा की यात जवळ फक्त भिंग गेलेलं असतं. गाणाऱ्याच्या नाकपुड्या दिसतात, पण तो कोणासाठी गातोय हे दिसत नाही.

एक कबुली देतो. पुण्यात एका घरी आम्ही एका गायिकेच्या बैठकीचं चित्रण करत होतो. तीसेक माणसं होती. बंदिशीचा अंतरा सुरेख झाला, समेवर सगळ्या माना एकदम हलल्या, मागून कुणीतरी मोठ्यानं दाद दिली. आणि आमचा डावीकडचा कॅमेरा नेमका तेव्हा बंद पडला होता. कार्यक्रम संपल्यावर आम्ही विनंती केली, तेवढा अंतरा पुन्हा घ्याल का? त्यांनी मोठ्या मनानं घेतला. सुरात काही उणं नव्हतं. पण समेवर एकही मान हलली नाही, कारण सम कुठून कशी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक सौजन्यानं बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. मग संकलनात आम्ही काय केलं? पहिल्या वेळची दाद उचलून दुसऱ्या वेळच्या चित्रावर चिकटवली. व्हिडिओ छान झाला, लोकांना आवडला. आम्हाला तो बघवत नाही. गाण्यात खोट नाही, चित्रात खोट नाही, आणि तरी ती दाद चोरीची आहे. बैठकीतली दाद ही गाण्याचाच भाग असते, तिच्यावर पुढची तान ठरते. ती सुटी करून हवी तिथे लावता येते असं एकदा मान्य केलं, की मग श्रोते कशाला बोलवायचे?

अजून एक साधी गोष्ट, उंचीची. बैठकीत गाणारा जमिनीवर बसलेला, श्रोते जमिनीवर बसलेले, आणि कॅमेरा पाच फुटी ट्रायपॉडवर उभा. त्यामुळे अख्खी मैफल वरून खाली बघितल्यासारखी दिसते, सोसायटीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीसारखी. कॅमेरा मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत खाली आणा, चित्र ताबडतोब बदलतं. पुढच्या माणसाचं डोकं मध्ये येईल. येऊ द्या. बैठकीत कायम कुणाचं तरी डोकं मध्ये असतंच. पंखा मात्र बंद करावा लागतो, नाहीतर तानपुऱ्याच्या खाली त्याची घरघर बसते. एप्रिलमध्ये पंखा बंद केल्यावर तीस माणसं तुमच्याकडे कसं बघतात हेही मग चित्रणात यायला हरकत नाही.

आत्तापर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, ठरलं तर, श्रोते दाखवले की काम झालं. तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. मणी कौल यांचा १९८२चा 'ध्रुपद' घ्या. फिल्म्स डिव्हिजनची निर्मिती. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा वाजवतात, झिया फरिदुद्दीन डागर गातात, जुन्या राजवाड्यांतून आणि दगडी आवारांतून. श्रोते जवळजवळ नाहीतच. आमच्या हिशेबानं हा चित्रपट फसायला हवा होता, पण तसं होत नाही. कौल स्वतः डागरांकडे शिकले होते, आणि त्यांचा कॅमेरा आलापाच्या चालीनं चालतो. घाई नाही, स्वर संपायच्या आत कट नाही. शेवटी मुंबईच्या छपरांवरून कॅमेरा जो लांबलचक सरकत जातो, तिथे गाणारा पडद्यावर नसतो आणि तरी आपण त्याच्यापासून दूर गेलेलो नसतो. तिथे कॅमेराच श्रोता झालेला आहे. म्हणजे मुद्दा डोकी मोजण्याचा नव्हता. चित्रण करणाऱ्यानं किती वेळ दिला, शिकायला आणि थांबायला, हा होता.

वेळेचा हा मुद्दा सगळ्यात मोठा दिसतो तो आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये. राजकीय माहितीपट म्हणून त्यावर भरपूर बोललं गेलंय, गाण्याच्या चित्रणाचा नमुना म्हणून कमी. शाहीर विलास घोगरे यांना पटवर्धनांनी १९८५च्या 'हमारा शहर'साठी चित्रित केलं होतं. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली, आणि त्यानंतर काही दिवसांत घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पुढे चौदा वर्षं हा चित्रपट घडत राहिला. त्यात वस्त्यांतली गाणी आहेत, संभाजी भगत आहेत, पुण्याचा कबीर कला मंच आहे. गाणी पुरेशी लांब ठेवली आहेत, चव दाखवण्यापुरती नाहीत. आणि कॅमेरा गाणं संपल्यावर घरीही जातो. शीतल साठे यांच्या आईशी बोलतो. मुलगी जे गाते आणि आई जे मानते यातलं अंतर तिथे कळतं, आणि मग पुढच्या गाण्यातला आवाज वेगळा ऐकू येतो. चार कॅमेरे लावून हे मिळत नाही. पुन्हा पुन्हा जाऊन मिळतं.

आणि इथेच या सगळ्या प्रकाराची दुसरी बाजू येते. २०११मध्ये मंचातल्या काहींना दहशतवादविरोधी पथकानं अटक केली, माओवादी असल्याचा आरोप झाला, बाकीचे भूमिगत झाले. चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा पडद्यावर गाणारी माणसं प्रत्यक्षात कुठेच दिसत नव्हती. एप्रिल २०१३मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनापुढे येऊन हजर झाले. मधल्या काळात अनेकांनी त्यांचं गाणं ऐकलं ते या चित्रपटातूनच. म्हणजे चित्रण कधीकधी गाणाऱ्याची जागा राखून ठेवतं. पण तेच चित्रण गाणाऱ्याचा, आणि समोर बसून टाळ्या वाजवणाऱ्याचाही, चेहरा कायमचा नोंदवून ठेवतं. कॅफेत प्रेमगीत गाणाऱ्या पोराला याची भीती नसेल. वस्तीत गाणाऱ्याला असू शकते. तेव्हा 'श्रोते दाखवा' असं आम्ही मघाशी म्हणालो त्याला ही एक अट जोडायला हवी: विचारून.

विचारण्याचा विषय निघालाच आहे तर पैशांचंही बोलू. जुन्या बैठकीत बिदागी असायची. कमी-जास्त असेल, पण पाकीट हातात पडायचं. आज पुष्कळ ठिकाणी सांगतात, मानधन नाही, पण व्हिडिओ मिळेल. हे आपलंच दुखणं नाही. २००९मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली 'सोफार साउंड्स' घरगुती मैफली भरवते. २०१९मध्ये तिनं गुंतवणूकदारांकडून मोठी रक्कम उभी केली, तेव्हा वाजवणाऱ्या बँडला एका कार्यक्रमाचे शंभर डॉलर मिळतात यावरून बरीच चर्चा झाली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या कामगार खात्याशी झालेल्या तडजोडीत, फुकट राबलेल्या स्वयंसेवकांना साडेचार लाख डॉलरहून जास्त द्यावे लागले. घरगुतीपणाच्या नावाखाली हिशेब विसरायची सोय फार जुनी आहे.

आपला कायदा इथे कलाकाराच्या बाजूनं बरंच बोलतो. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं सादरकर्त्याचा हक्क आला, २०१२च्या दुरुस्तीनं तो आणखी भक्कम झाला. तो पन्नास वर्षं टिकतो. त्यात एक गोम आहे. तुम्ही लेखी करारानं सादरीकरण चित्रपटात घ्यायला संमती दिलीत आणि वेगळं काही लिहून घेतलं नाहीत, तर मग निर्मात्याला त्याच्या वापरापासून अडवता येत नाही. व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क मात्र राहतो. आमच्या ओळखीच्या तरुण वादकांनी सही केलेले कागद आम्ही पाहिलेत. कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी, तंबोरा लावता लावता केलेल्या सह्या. न वाचता. असे कागद आम्हीही पुढे केलेत.

आणि नकार? तोही हक्कच. अल्लादियाखाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांनी ते होऊ दिलं नाही. याबद्दल आपण शंभर वेळा हळहळतो, आम्हीही हळहळतो. पण एका गोष्टीचा विचार करा. त्यांच्या शिष्यपरंपरेनं ते गाणं दशकानुदशकं ज्या खोल्यांतून सांभाळलं, तिथे प्रत्येकाला माहीत होतं की आत्ता ऐकलं नाही तर गेलं. आज आमच्या चित्रणात पुढच्या रांगेतला माणूस फोनवर बोट फिरवताना दिसतो. विचारलं तर म्हणतो, व्हिडिओ येणारच आहे ना! त्याचं काय चुकलं?

व्हिन्सेंट मून यांनी पुढे यावर एक विचित्र उपाय काढला होता, तो आम्हाला आवडतो. एफ्टरक्लांग या डॅनिश बँडवर त्यांनी 'अॅन आयलँड' नावाचा चित्रपट केला, आणि लोकांना सांगितलं की तुमच्या घरी दाखवा. अट दोनच, किमान पाच माणसं बसतील एवढी जागा हवी आणि प्रवेश फुकट. म्हणजे छोट्या खोलीतलं गाणं पुन्हा छोट्या खोलीतच नेलं. 'जय भीम कॉम्रेड'ही सुरुवातीला मुंबईत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर, तिथल्याच लोकांपुढे दाखवला गेला. जिथलं गाणं, तिथे परत.

बरं, फार बोललो. आता त्यातलाच एक तुकडा बघू या, वस्तीतल्या रात्रीच्या कार्यक्रमाचा. पुढचे दिवे घालवा. पडदा लहान आहे, मागच्या मंडळींनी पुढे सरकून खाली सतरंजीवर बसलात तरी चालेल. आणि कुणीतरी तेवढा पंखा बंद करा.