रंजूची शिकवणी

'आमच्या वेळी शिकायची ओढ होती, आता ती राहिली नाही' हे वाक्य नागपुरात कुठल्याही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतं. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (१९८५) पुन्हा वाचताना वाटलं, या वाक्याची उलटतपासणी आपल्याच विदर्भातल्या या नाटकात होऊन बसली आहे. आपण ते सरंजामी घराच्या पडझडीचं नाटक म्हणून वाचतो, आणि हा धागा सुटतो.

धरणगावकर देशपांड्यांच्या घरात ओढ होती प्रभाला. तिला वडिलांनी, तात्याजींनी, शिकू दिलं नाही. पुढच्या पिढीतल्या रंजूला शिकवणी लावलेली आहे, आणि तिचं सगळं लक्ष सिनेमात. प्रभा शोकांतिका, रंजू उथळ, असा निकाल आपण चटकन देऊन टाकतो.

मला तो पटत नाही. प्रभाचा भाऊ सुधीर नोकरीसाठी मुंबईला गेला, ती प्रगती. रंजू मास्तरासोबत दागिने घेऊन मुंबईलाच पळते, ती बदनामी. वाड्याबाहेर तर दोघांनाही पडायचं होतं. शिक्षण-नोकरी हा बाहेर पडण्याचा घराला मान्य असलेला रस्ता, एवढाच फरक. रंजूने शिकायचं कशासाठी, याचं उत्तर त्या घरात कुणाकडे असेल असं वाटत नाही. आणि ऐपतीचं म्हणाल, तर तात्याजींच्या तेराव्याच्या गावजेवणासाठी हेच घर विकाविकीपर्यंत जातं. प्रभाच्या कॉलेजसाठी असं काही मोडायला निघालं नव्हतं कुणी.

मी इंजिनिअर झालो तो टायअप कॉलेजमधून. म्हणजे नाव कॉलेजात, अभ्यास क्लासमध्ये. चौकाचौकात रँकवाल्यांचे फोटो, आणि त्या फोटोंखाली आम्ही सायकली लावायचो. बरोबरचे बहुतेक जण आज पुण्यात, नाहीतर बेंगळुरूत. आम्हाला ओढ नव्हती असं कुणी म्हणू नये. पहाटे पाचला उठायचो. फक्त ती ओढ फिजिक्सची नव्हती, नागपूर सोडण्याची होती. (प्रभाची तरी निव्वळ ज्ञानाची होती का? तिलाही त्या खोलीतून सुटायचंच असणार.)

एलकुंचवारांशी माझं भांडण एकच. प्रभाच्या मनात ते खोल उतरतात, रंजूकडे मात्र बाहेरूनच बघतात. तिला शोधून परत आणलं जातं, दागिन्यांचा हिशेब होतो. तुला काय शिकायचं होतं, हे तिला वाड्यातही कुणी विचारत नाही आणि नाटककारही नाही.