शिक्का कुणाच्या मापाचा?

अमेरिकेतल्या मटणप्रेमी मराठी घरांना हा उद्योग नवा नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून शनिवारी एखाद्या शेतावर जायचं, बोकड ठरवायचा आणि वाटे करून घरी आणायचे. गावाकडे आखाडात वाटे घालतात, तसंच. फरक इतकाच, की इथे खाटकाकडून आलेल्या पुड्यांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. कायद्याच्या लेखी तुम्ही मटण विकत घेतलेलंच नसतं. कापण्याआधीच बोकड तुमचा झालेला असतो आणि खाटकाने फक्त मजुरी घेतलेली असते. सरकारी तपासणी न झालेलं तेच मटण शेतकऱ्याने पाउंडाच्या भावाने विकलं, तर ते बेकायदा.

ही गंमत ज्यांना खटकते, त्यांनी जोएल सॅलटिन यांचं ‘एव्हरीथिंग आय वाँट टू डू इज इल्लीगल’ हे २००७ सालचं पुस्तक जरूर वाचावं. मात्र डोळे उघडे ठेवून. मायकल पोलन यांच्या ‘द ऑम्निव्होर्स डिलेमा’मुळे सॅलटिन आणि त्यांचं व्हर्जिनियातलं पॉलिफेस फार्म जगाला माहीत झालं. पुस्तकात सगळ्याच सरकारी नियमांवर आग पाखडलेली आहे. घरबांधणी, मजुरी, विमा, काही सुटलेलं नाही. काही प्रकरणं नुसती चिडचीड आहेत, ती चाळली तरी चालतील. मांसाबद्दलचा भाग मात्र दमदार आहे.

त्यांची मुख्य तक्रार अशी: जनावर मी माझ्या कुरणात वाढवलं, पण त्याचं मांस विकायचं तर ते ट्रकमध्ये कोंबून लांबच्या कत्तलखान्यात न्यावं लागतं. कोंबड्यांना १९६८ च्या कायद्याने सूट आहे. स्वच्छतेचे नियम पाळून शेतकरी वर्षाला २०,००० पर्यंत स्वतःच्या कोंबड्या शेतावर कापून विकू शकतो, प्रत्येक कोंबडीपाशी निरीक्षक लागत नाही. डुकराला, बोकडाला, गाईला अशी सूट नाही. साल्मोनेला तर कोंबडीतच जास्त. मग हा भेद कशासाठी? मला तरी याचं शास्त्रीय उत्तर सापडत नाही.

सॅलटिन यांची बाजू इतिहासातून आणखी भक्कम करता येते. १९०६ चा मांस तपासणी कायदा अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’मुळे झाला असं आपण ऐकतो. सिंक्लेअर यांना मजुरांचे हाल दाखवायचे होते, लोकांनी पाहिला तो फक्त सॉसेजमधला घाणेरडा माल. पण शिकागोच्या बड्या कंपन्यांना सरकारी शिक्का नकोसा नव्हता. युरोपच्या बाजारासाठी तो उपयोगाचाच होता. भांडण बरंचसं खर्च कुणी करायचा यावर झालं आणि तो सरकारी तिजोरीवर पडला. नियम असे मोठ्यांच्या मापाने बेतले गेले. १९६७ मध्ये राज्याच्या आतच माल विकणारे छोटे कत्तलखानेही त्याच मापात आले. १९९६ च्या नियमांनी प्रत्येक कारखान्याला धोक्यांचा लेखी आराखडा आणि नोंदी ठेवायला लावल्या. लहानांना तयारीला जास्त मुदत मिळाली, पण पाच माणसांच्या दुकानात त्या वह्या भरणार कोण? सुरी चालवणाराच.

आता पुस्तक जिथे कोसळतं ती जागा. माझं गिऱ्हाईक मला ओळखतं, माझं अंगण उघडं आहे, मग निरीक्षक कशाला, असं सॅलटिन विचारतात. पण १९९६ चे नियम आकाशातून पडले नव्हते. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’चे अर्धेकच्चे हॅम्बर्गर खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. तो ई. कोलाय जंतू धडधाकट गाईच्या आतड्यात राहतो. गाय गवतावर वाढलेली असली तरी राहतो. तो १९०६ च्या निरीक्षकाला नुसत्या डोळ्यांनी दिसला नसता आणि ओळखीच्या गिऱ्हाइकालाही दिसत नाही. छोट्या कत्तलखान्यात घाण झाली तर ती थोड्या घरांपर्यंत पोचते, हे खरं. पण त्या थोड्या घरांतही लेकरं असतात. त्यावर सॅलटिन यांच्याकडे विश्वासापलीकडे काही नाही, आणि विश्वासाचा नमुना प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

म्हणून ‘तपासणीच नको’ ही मागणी मला पटत नाही. छोट्यांना झेपेल अशी तपासणी मात्र हवी, आणि ती मागणी भाबडी नाही. २०२० च्या वसंतात करोनाने महाकाय कारखाने बंद पडले. शेतकऱ्यांना धष्टपुष्ट डुकरं मारून टाकावी लागली आणि छोट्या खाटकांकडे कित्येक महिन्यांचे नंबर लागले.

आणखी एक नियम बघा. राज्याची तपासणी केंद्राच्या तोडीची असलीच पाहिजे, असं कायदा म्हणतो. तरीही तो शिक्का असलेलं मटण राज्याची सीमा ओलांडू शकत नाही. अपवाद एका खास योजनेत आलेल्या छोट्या कारखान्यांचा. तुमच्या देशी दुकानातला फ्रीझरमधला ऑस्ट्रेलियन बोकड मात्र पन्नासही राज्यांत खुशाल फिरतो!

पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी सॅलटिन यांनी भागीदारीत हॅरिसनबर्गचा एक छोटा, जुना कत्तलखाना विकत घेतला. तिथे सरकारी निरीक्षक असतो. त्या निरीक्षकाबरोबरच्या रोजच्या कामावरचं प्रकरण या पुस्तकात असतं, तर मी सर्वात आधी तेच वाचलं असतं.