पाटभर जागा

स्वयंपाकघर नवे करायचे ठरले आणि मी समीक्षक झालो. कारण डिझायनरने पुढ्यात ठेवलेला नकाशा ही एक साहित्यकृतीच होती. नायिका एकच. ती गॅस, सिंक आणि फ्रिज या त्रिकोणात जन्मभर फिरते. दुसरे पात्रच नाही!

या घराण्याचा मूळ ग्रंथ जर्मनीतला. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी 'फ्रांकफुर्ट किचन' रचले. रुंदी जेमतेम १.९ मीटर, लांबी ३.४, बेतलेले आगगाडीच्या भोजनडब्यावरून. बाईमाणसाचे कष्ट वाचावेत हा हेतू थोरच, आणि अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. गंमत म्हणजे तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, हे बाईंनीच पुढे सांगून टाकले!

त्या रचनेत पावले वाचली, पण त्यांच्याबरोबर माणसेही कमी झाली. रांधणारी एकटी पडली. आमच्या नकाशात तर विळीलाही थारा नाही. विळीला जमीन लागते आणि जमीन ट्रॉल्यांनी खाल्लेली. मग आईने मेथी निवडता निवडता गावच्या बातम्या निवडायच्या कुठे? ओट्यावर चढून?

मी एकच दुरुस्ती सुचवली : पाट मांडता येईल एवढी मोकळी फरशी ठेवा.

"काका, ती डेड स्पेस होईल."

आतून ही म्हणाली, "अहो, घरात तेवढीच तर जागा जिवंत आहे!"