शिकारकथेतील बंदूक

शिकारकथांवर आपल्याकडे जे थोडेबहुत टीकालेखन होते, त्यात वाघाविषयी पुष्कळ, रानाविषयी बरेच आणि शिकाऱ्याच्या धैर्याविषयी तर वाजवीपेक्षा अधिक लिहिलेले असते. परंतु ज्या हत्यारावाचून ही कथा घडलीच नसती, त्या बंदुकीविषयी टीकाकार सहसा एक अक्षरही लिहीत नाहीत. वाचकही नळी, काडतूस, गोळीचे वजन इत्यादींचे वर्णन आले की पाने उलटून वाघाकडे धाव घेतात. ह्याचे कारण उघड आहे. बंदूक ही आपल्या पांढरपेशा घरातील वस्तू नव्हे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ती परवान्याची झाली, त्या परवान्यातून युरोपियनांस प्रारंभी सूट मिळाली, आणि आपल्या पिढ्यांनी ती पाहिली ती बहुधा शिपायाच्या खांद्यावर. तथापि ही उपेक्षा वाङ्मयाच्या दृष्टीने योग्य नाही, असे आम्हांस वाटते. शिकाऱ्याने जनावराच्या किती जवळ जावयाचे, त्यास किती वेळा नेम धरता येणार, आणि नेम चुकल्यास त्याच्या हाती काय उरणार, हे सारे त्याची बंदूक ठरविते. आणि ज्याच्या जवळ गेल्यावाचून गत्यंतर नाही, त्यास मनुष्य अधिक बारकाईने पाहतो.

उदाहरणादाखल तरफेची रायफल घेऊ. हिचे मूळ अमेरिकेत, हेन्रीच्या १८६० च्या बंदुकीत आहे. पुढे विंचेस्टर कंपनीने १८७३ व १८९४ साली काढलेल्या नमुन्यांनी ती जगभर गेली. ह्यांपैकी १८९४ चा नमुना जॉन ब्राउनिंग ह्या कारागिराच्या कल्पनेतून निघाला व त्याच्या सत्तर लाखांहून अधिक बंदुका विकल्या गेल्या. हिची रचना समजण्यास सोपी आहे. चापाभोवतीची लोखंडी कडीच लांबवून तिची तरफ केलेली असते. ती खाली ढकलली की रिकामे काडतूस बाहेर पडते व घोडा चढतो. वर ओढली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. दस्ता खांद्यावरून न काढता दुसरी गोळी झाडता येते, हा तिचा मोठा गुण. जुन्या नमुन्यांत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ओळीने राहत. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी टेकलेले असल्यामुळे टोकदार गोळी वापरणे धोक्याचे असे. म्हणून गोळी बोथट, आणि बोथट गोळीचा पल्ला थोडा. ब्राउनिंगने १८९५ च्या नमुन्यात त्या नळीच्या जागी चापापुढे पेटी बसविली व ही अडचण दूर केली. तीत मोठी काडतुसे मावू लागली. त्यांतील पॉइंट चारशे पाच ह्या मापाचे काडतूस १९०४ साली निघाले. त्याच्या गोळीचे वजन ३०० ग्रेन, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत गेला तेव्हा हीच जातीची बंदूक त्याने सिंहासाठी बरोबर घेतली होती.

हीच बंदूक आपल्या देशातील शिकारवाङ्मयातही आहे. बंगळूरच्या केनेथ अँडरसनच्या हाती ती होती. १९५४ साली ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’ हे त्याचे पहिले पुस्तक निघाले आणि त्यानंतर दक्षिणेतील रानांवरील त्याची पुस्तके एकामागून एक येत राहिली. अँडरसनचा गुण व दोष दोन्ही ह्या बंदुकीच्या निमित्ताने नीट दिसतात. दोष असा की, तो आपल्या कथेचा पूर्वरंग फार लांबवितो. नरभक्षकाने ज्यास उचलले तो मनुष्य त्या सायंकाळी काय बोलला, त्याच्या मनात काय आले, हे अँडरसन जणू शेजारी बसून पाहिल्यासारखे सांगतो. आणि तो मनुष्य तर मेलेला! असल्या प्रसंगी वाचकाचा विश्वास डळमळतो. परंतु तोच लेखक रायफल घेऊन झाडाखाली बसला, की त्याची भाषा पालटते. आता जे दिसते व ऐकू येते तेवढेच त्यास सांगता येते. रातकिड्यांचा आवाज थांबला हीदेखील तेथे एक घटना होते. मनोराज्य संपून निरीक्षण सुरू होते, आणि ह्या पालटाचे श्रेय बंदुकीस द्यावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

जिम कॉर्बेटची बंदूक निराळ्या जातीची होती. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्यावर त्यास मिळालेली रिग्बीची हलकी रायफल बोल्टची होती, तरफेची नव्हती. पण यंत्राचा भेद येथे महत्त्वाचा नाही. १९४४ च्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ मध्ये कॉर्बेट ज्या माणसाचा मृत्यू सांगतो, तो मातीवरच्या खुणांवरून सांगतो. तुटलेली फांदी, ओढल्याचा माग, पडलेला मणी, इतक्या आधारावर तो थांबतो. जे पाहिले व जे अनुमानले ह्यांतील भेद तो वाचकापासून लपवीत नाही. म्हणून अँडरसन अधिक रंजक असूनही कॉर्बेट श्रेष्ठ आहे. मात्र अँडरसनने बैरा नावाच्या रानातील चोरट्या शिकाऱ्यास ज्या स्नेहाने रेखाटले आहे, तो स्नेह ह्या प्रकारच्या इंग्रजी पुस्तकांत दुर्मिळ आहे, हेही सांगितले पाहिजे.

दुर्मिळ म्हणण्याचे कारण आमच्याच प्रांतातील पुस्तके पाहता कळेल. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रांतात व त्याच्या वारशात होता, आणि मध्यप्रांताची राने इंग्रजी शिकारवाङ्मयात मानाचे स्थान पावलेली आहेत. फोर्साइथचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ चे, डनबर ब्रँडरचे ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ १९२३ चे. दोन्ही पुस्तके विद्वत्तेची आहेत. फोर्साइथने गोंडांच्या चालीरीतींवर आस्थेने लिहिले आहे. ब्रँडरचे प्राण्यांविषयीचे ज्ञान आजही अभ्यासकांस उपयोगी पडते. तथापि ह्या जातीची पुस्तके एकत्र वाचली म्हणजे एक गोष्ट मनास बोचते. साहेबाच्या रायफलीचा कारखाना, माप व वजन आपल्यास कळते; पण हाका घालणाऱ्या शंभर माणसांपैकी एकाचेही नाव बहुधा कळत नाही. ज्याच्या हाती काठी व डफडे, आणि ज्याच्या अंगावर वाघ प्रथम उलटावयाचा, तो हाकेकरी ह्या वाङ्मयात केवळ आवाज म्हणून उरला. बंदुकीचा कायदा आणि शिकारकथेची रचना ह्यांचा असा संबंध आहे. ज्यास परवाना, त्यास ‘मी’ म्हणण्याचा अधिकार!

मराठी लेखकांनी ह्या परंपरेचे काय केले? त्यांनी बंदूक खाली ठेविली. व्यंकटेश माडगूळकरांस तरुणपणी शिकारीचा नाद होता. पण ‘नागझिरा’ लिहावयास ते ह्या आमच्या भागातील रानात गेले ते पाहण्यासाठी. ‘सत्तांतर’ मधील वानरांच्या टोळीचे युद्ध शिकाऱ्याच्या सावध डोळ्यांवाचून लिहिता आले नसते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी. त्यांनी नवेगाव बांधच्या ज्या माधवराव पाटील डोंगरवारांस मराठी वाचकांपुढे आणिले, ते स्वतः नाणावलेले शिकारी असून पुढे त्याच रानाचे राखणदार झाले. १९७५ साली नवेगावास राष्ट्रीय उद्यान झाले त्यात त्यांचा मोठा वाटा. जनावराचा माग, त्याची वेळ, त्याचा स्वभाव हे जे शिकाऱ्याने मारण्यासाठी शिकून ठेविले होते, ते मराठी गद्याने राखण्यासाठी वापरले. आमच्या मते अर्वाचीन मराठी गद्याची ही एक खरी कमाई आहे, आणि इंग्रजीच्या अनुकरणाने ती मिळालेली नाही.

परंतु ह्या कमाईत एक उणीव राहिली, आणि ती आसगावसारख्या गावी बसून वाचणाऱ्यास लवकर दिसते. पवनी तालुक्यातील हे गाव धानाचे. एका बाजूस वैनगंगेचे पाणी, दुसऱ्या बाजूस २०१२ साली घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. ह्या मुलखात धान लोंबीवर आले की रात्री रानडुकरे बांधीत उतरतात. त्या वेळी माळ्यावर जागलीस बसलेला शेतकरी ना इंग्रजी शिकारकथेत आहे, ना मराठी वनवाङ्मयात. एकीकडे साहेब, दुसरीकडे वनाधिकारी वा पाहुणा लेखक. रानाच्या काठावर ज्याचे पोट आहे तो दोहोंच्या मधून निसटला. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याने देखील पीकराखणीसाठी त्यास देऊ केली ती ठासणीची बंदूक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, व ती बंद झाली हे योग्यच झाले. त्या वर्षीच्या गणतीत वाघ १,८२७ उरले होते, तेच २०२२ च्या अंदाजाने ३,६८२ आहेत. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरास मारण्याची वाटही नियमांत आहे, पण ती अर्जाची व परवानगीची, आणि डुकरे अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत. मग शेताभोवती तार ओढली जाते व तीत चोरून वीज सोडली जाते.

ह्या तारेची कथा आमच्या भागास ठाऊक आहे. नागझिऱ्याहून २०१३ साली जय नावाचा वाघ चालत उमरेड-कऱ्हांडल्यास आला, त्याच्या आकारामुळे देशभर प्रसिद्ध झाला, आणि एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला. त्याचा श्रीनिवास नावाचा तरुण नर २०१७ साली नागभीड भागात अशाच विजेच्या तारेस चिकटून मेला. तार डुकरासाठी होती. येथे शिकारकथेतील बंदुकीचा विचार पुन्हा करावा लागतो. रायफलवाल्यावर निदान एवढे बंधन होते, की समोर काय आहे हे ओळखल्यावाचून चाप ओढावयाचा नाही, आणि जखमी जनावर रानात सोडून घरी जावयाचे नाही. कॉर्बेट आणि अँडरसन ह्यांच्या कथांतील उत्तम पाने ह्याच दोन नियमांच्या पालनाची आहेत. तार कोणास ओळखत नाही. ती डुकरास, वाघास, आणि पहाटे बांधावर गेलेल्या शेजाऱ्यासही सारखीच मारते. तार लावणारा त्या वेळी झोपलेला असतो. मारणारा व मरणारा ह्यांची गाठच पडत नसल्यामुळे तेथे पश्चात्तापासही जागा उरत नाही.

ह्यावरून आम्ही शिकार पुन्हा सुरू करावी असे सुचवितो, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. जुन्या रायफलीची आवड ही रमणीय गोष्ट असेल, तिच्या कारागिरीचे कौतुक करावयासही हरकत नाही. पण भिंतीवरच्या मुंडक्यांनी रान राहत नाही, हे माधवराव पाटलांसारख्या शिकाऱ्यानेच आपल्यास दाखवून दिले आहे. आमचे म्हणणे वाङ्मयापुरते आहे, आणि वाङ्मयापुरते असले तरी ते क्षुल्लक नाही. शिकारकथा वाचताना आपण धाडसाच्या रंगात गुंगून जातो आणि तीतील शिस्त सोडून देतो. वास्तविक टिकाऊ आहे ती शिस्तच. घरातील मुलांच्या हाती कॉर्बेट द्यावा तो वाघ कसा पडला हे कळावे म्हणून न देता, कॉर्बेटने चाप ओढण्याचे किती वेळा टाळले हे कळावे म्हणून द्यावा. अँडरसनही द्यावा, मात्र त्याचे पूर्वरंग चाळून.

लेखकांस आमची विनंती निराळी आहे. रानाच्या आतले मराठीत आता पुष्कळ लिहिले गेले. रानाच्या काठावरचे अद्याप लिहावयाचे आहे. ज्याच्या आज्याने हाका घातला, बापाने ठासणीची बंदूक सांभाळली आणि जो स्वतः तार ओढावी की न ओढावी ह्या विचारात माळ्यावर रात्र काढतो, त्याची गोष्ट त्याच्याच तोंडून आली पाहिजे. ती लिहावयास कोणी चौरासातलाच तरुण पुढे आला, तर त्यास रायफलीचे माप ठाऊक नसले तरी चालेल. अंधारात बांधीत काय हलते हे त्यास ठाऊक असते, आणि आजवर ते कोणी त्यास विचारलेले नाही.